मानकुरादाच्या पानातला तपकिरी डीएनए: एका प्रयोगशाळेतील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गोव्यातल्या एका महाविद्यालयाच्या जैवतंत्रज्ञान विभागात घडलेले हे प्रकरण आहे. महाविद्यालय, विद्यार्थिनी आणि झाडांचे मालक यांची ओळख काढून टाकली आहे. प्रयोगाचा भाग जसा झाला तसाच ठेवला आहे.

'गोवा मानकुराद' आंब्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन आले की पुढचा प्रश्न येतोच: मानकुराद म्हणून जी झाडे घराघरांच्या परसात आणि भाटांत उभी आहेत, ती सगळी एकाच जातकुळीची आहेत का? जाणकाराला चवीत, सालीत, बाठ्यात फरक कळतो. कलमाने वाढवलेली झाडे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ सारखी असायला हवीत. पण कोणी कलम कुठून आणले याची नोंद क्वचितच असते. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी हाच विषय घेतला. डिचोली, सत्तरी आणि फोंडा तालुक्यांतल्या मानकुरादाच्या झाडांची पाने आणायची, त्यांतून डीएनए काढायचा आणि आयएसएसआर मार्करने झाडांची तुलना करायची, अशी योजना होती.

आयएसएसआरमध्ये एकच प्रायमर, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा, वापरून पीसीआर करतात, म्हणजे डीएनएच्या काही भागांच्या असंख्य प्रती काढतात. त्या प्रती जेलवर लांबीनुसार वेगळ्या होतात आणि पट्ट्यांचा नकाशा मिळतो. पट्टी दिसली तर १, नाही दिसली तर ०, अशी नोंद होते. पद्धत स्वस्त आहे. आंब्याच्या जीनोमची आधी माहिती असावी लागत नाही, म्हणून लहान प्रयोगशाळांना परवडते. पण 'पट्टी नाही' या नोंदीला इथे 'पट्टी आहे' इतकेच वजन असते, आणि या प्रकरणाचा सगळा गुंता त्यातूनच झाला.

प्रयोगशाळा मध्यम साधनांची होती. टेबलावरचा सेंट्रिफ्यूज, वॉटर बाथ, पीसीआर यंत्र, जेलची पेटी आणि शेजारच्या विभागाशी सामायिक असलेला नॅनोड्रॉप, म्हणजे प्रकाशाच्या शोषणावरून डीएनएचे प्रमाण आणि शुद्धता मोजणारे यंत्र, होते. द्रव नायट्रोजन नियमित मिळत नव्हता. बर्फ कमी पडला तर मासळी बाजारातून आणत. काम अडल्यावर मार्गदर्शक शिक्षिकेने मला बोलावले, आणि तिथून पुढे मी या कामात सहभागी होते.

अडचण

पहिल्या फेरीतली पाने चतुर्थीनंतर तोडली होती. पाऊस अजून रेंगाळत होता. झाडांवर जून, गडद हिरवी पानेच हाताला येत होती. ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली, कदंब बसने आणि स्कूटरवरून प्रयोगशाळेत आणली आणि वेळ मिळेल तशी वापरण्यासाठी फ्रिजमध्ये ठेवली. सत्तरीतली पाने सर्वांत लांबून आली आणि सर्वांत जास्त वेळ पिशवीत राहिली. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

डीएनए काढण्यासाठी सीटॅबची पद्धत निवडली होती. १९८७ मध्ये डॉइल आणि डॉइल यांनी मांडलेल्या रूपात ती जगभरच्या वनस्पती प्रयोगशाळांत चालते. सीटॅब हा धनभारित डिटर्जंट आहे. तो पेशीची आवरणे फोडतो. १.४ मोलर मिठाच्या द्रावणात डीएनए विरघळलेला राहतो, तर प्रथिने आणि काही शर्करायुक्त चिकट पदार्थ सीटॅबला चिकटतात आणि क्लोरोफॉर्मने बाजूला काढता येतात. ६५ अंशांवर पानाची पूड त्यात शिजवायची, क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोलच्या २४:१ मिश्रणाने धुवायचे, वरचे द्रव काढून आयसोप्रोपेनॉल घालायचे, की डीएनए खाली बसतो. भाताच्या कोवळ्या रोपांवर ही पद्धत याच प्रयोगशाळेत पहिल्या प्रयत्नात यशस्वी झाली होती.

आंब्याच्या बाबतीत नळीच्या तळाशी पांढऱ्या धाग्याऐवजी तपकिरी, चिकट गोळी बसली. ती टीई बफरमध्ये, म्हणजे डीएनए विरघळवण्याच्या द्रावणात, रात्रभर ठेवूनही पूर्ण विरघळत नव्हती. पिपेटने उचलायला गेले की टिपेच्या टोकाला लाळेसारखी तार लोंबायची. जेलवर घातले तर बराचसा डीएनए खाचेतच अडकून राहायचा.

तरीही काम पुढे गेले, कारण नॅनोड्रॉपवर २६०/२८० चे गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचे) १.८ च्या आसपास आले होते. प्रत्येक पाठ्यपुस्तकात शुद्ध डीएनएची हीच खूण दिलेली असते. मग पीसीआर लावला आणि जेल कोरे निघाले. पुढचे अनेक आठवडे पीसीआरशी झुंजण्यात गेले. अॅनीलिंगचे, म्हणजे प्रायमर डीएनएला चिकटण्याचे, तापमान बदलले, मॅग्नेशियम वाढवले, नवा प्रायमर मागवला, प्रती काढणाऱ्या टॅक एन्झाइमची दुसरी बाटली आणली. कधी एखाद्या नमुन्यात दोन अंधूक पट्ट्या दिसायच्या, दुसऱ्या दिवशी त्याही नसायच्या.

निदान: दोन साधे प्रयोग

मी गेले तेव्हा बाकी सगळे बाजूला ठेवून आधी नॅनोड्रॉपचा आकडा नाही, तर पूर्ण आलेख उघडून पाहू असे सुचवले. स्वच्छ डीएनएच्या आलेखाला २३० नॅनोमीटरपाशी खळगा आणि २६० पाशी टेकडी असते. इथे २३० पासून सरळ उतार होता. २६०/२३० चे गुणोत्तर, जे २ च्या आसपास हवे, ते १ च्याही खाली होते. २६०/२८० प्रामुख्याने एकाच प्रश्नाचे उत्तर देते: प्रथिने उरली आहेत का? फिनॉलयुक्त पदार्थ आणि पॉलिसॅकराइड यांची खूण २३० पाशी दिसते. १.८ हा आकडा खरा होता, पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

तरी आकड्यावरून निदान पक्के होत नाही. पीसीआर चालत नाही याची तीन कारणे असू शकतात: पीसीआरच बिघडलेला आहे, डीएनए तुटलेला किंवा नसल्यासारखा आहे, किंवा डीएनएबरोबर आलेले काहीतरी टॅकला अडवते आहे. हे वेगळे करायला एका दुपारचा प्रयोग पुरतो.

पहिल्या नळीत भाताचा स्वच्छ डीएनए घातला. दुसऱ्या नळीत तोच भाताचा डीएनए आणि वर आंब्याच्या अर्काचा एक मायक्रोलिटर. पहिल्यात ठसठशीत पट्ट्या आल्या. दुसरी कोरी. म्हणजे पीसीआर निर्दोष होता आणि आंब्याचा अर्क भाताचाही पीसीआर बंद पाडत होता. विद्यार्थिनी जेलकडे बघत म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी इतके दिवस प्रायमरला उगीच दोष देत होते!"

दुसरा प्रयोग सौम्यीकरणाचा. अर्क दहापट आणि पन्नासपट पातळ करून पीसीआर लावला. पन्नासपट पातळ केल्यावर अनेक नमुन्यांत पट्ट्या उमटल्या. अडथळा आणणारा पदार्थ पातळ झाला, डीएनए थोडा राहिला तरी पुरला. प्रयोगशाळेत आनंद झाला, आणि प्रकरणातला सर्वांत धोक्याचा निर्णय इथेच समोर आला.

तपकिरी रंग कुठून येतो

पर्यायांकडे जाण्याआधी हे सांगायला हवे, कारण पर्यायांची निवड त्यावरच टिकली.

आंब्याच्या पानात फिनॉल भरपूर असतात. मँगिफेरिन हे त्यातले नाव अनेकांनी ऐकले असेल. जिवंत पेशीत ते आणि त्यांना ऑक्सिजनशी जोडणारे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पान चुरगळले, कोमेजले, खलबत्त्यात गेले की कप्पे फुटतात आणि दोन्ही भेटतात. नीरफणसाच्या फोडी कापून ठेवल्या की काळ्या पडतात, म्हणून आपण त्या लगेच पाण्यात टाकतो. तीच रसायनक्रिया इथेही होते. फिनॉलांचे क्विनोन होतात, आणि क्विनोन डीएनएला आणि प्रथिनांना पक्के चिकटतात. एकदा हा बंध जुळला की ७० टक्के अल्कोहोलने कितीही वेळा धुतले तरी रंग जात नाही. विद्यार्थिनीने तेच केले होते: प्रत्येक गोळी पुन्हा पुन्हा धुतली, दरवेळी थोडा डीएनए गमावला आणि तपकिरी रंग तसाच राहिला.

पीव्हीपी हे पॉलिमर फिनॉलांना धरून ठेवते, आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ऑक्सिडीकरण रोखते. दोन्ही घटक प्रयोगशाळेतल्या पद्धतीच्या कागदावर होते. पीव्हीपी मात्र बफरमध्ये घातलेच नव्हते, कारण भाताला त्याची गरज पडली नव्हती. मर्कॅप्टोइथेनॉल घातले होते, पण बफर बनवताना, म्हणजे वापरण्याच्या बऱ्याच आधी. ते ऐनवेळी ताजे घालायचे असते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता सौम्यीकरणाचा. अर्क पन्नासपट पातळ करायचा, पीसीआरमध्ये बीएसए हे प्रथिन घालायचे, जे उरलेल्या फिनॉलांना बांधून ठेवते, आणि आहे त्या नमुन्यांवर काम संपवायचे. वेळ वाचत होता. एप्रिलमध्ये प्रबंध द्यायचा होता, दिवाळी तोंडावर होती. विभागात बहुतेकांचा कौल याच बाजूने होता, आणि तो चुकीच्या हेतूने दिलेला नव्हता. बीएसए आणि सौम्यीकरण या मान्य युक्त्या आहेत. एखादा जनुकखंड फक्त वाढवून त्याचा अनुक्रम काढायचा असता तर मीही हेच सांगितले असते.

पण इथे पट्टी नसणे ही नोंद होणार होती. अर्धवट अडवलेल्या पीसीआरमध्ये लांब पट्ट्या आधी गळतात आणि आखूड टिकतात. म्हणजे ज्या झाडाचा अर्क जास्त तपकिरी, त्याच्या नकाशात जास्त शून्ये. आणि सर्वांत तपकिरी अर्क कोणाचे होते? सत्तरीचे, कारण ती पाने सर्वांत जास्त वेळ पिशवीत उबली होती. संगणकाने त्या शून्यांवरून झाडांच्या नात्याचा वृक्ष काढला असता तर सत्तरीची झाडे एका वेगळ्या फांदीवर गेली असती, आणि प्रबंधात 'सत्तरीतील मानकुराद आनुवंशिकदृष्ट्या वेगळा आहे' असे वाक्य आले असते. ते वाक्य छान वाचले गेले असते. भौगोलिक मानांकनाच्या चर्चेत कोणीतरी ते उचललेही असते. हा फरक मुळात पिशवीतल्या तासांचा असता.

मी हे फळ्यावर मांडले तेव्हा खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. कोरे जेल निदान प्रामाणिक असते. अर्धे उमटलेले जेल निष्कर्ष देते, आणि तो चुकीचा असतो.

दुसरा पर्याय: काढलेला डीएनए सिलिका कॉलमवरून नेऊन साफ करायचा. ग्वानिडीनच्या द्रावणात डीएनए सिलिकाला चिकटतो हे तत्त्व बूम आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये शुद्धीकरणासाठी मांडले, आणि आजचे बहुतेक किट त्यावरच चालतात. दोन नमुन्यांवर करून पाहिले. चिकट अर्काने कॉलम तुंबला. जो डीएनए खाली आला त्याचा रंग कमी झाला, गेला नाही. क्विनोन डीएनएलाच जोडलेले असतील तर कॉलम ते वेगळे करू शकत नाही.

तिसरा पर्याय: वनस्पतींसाठीचे तयार किट. दर नमुन्यामागे काही शे रुपये, आणि इतक्या झाडांचे दोनदा करायचे तर विभागाचे वर्षाचे रसायनांचे बजेट त्यातच गेले असते. शिवाय जून, उबलेले पान किटमध्येही तसेच जाणार होते.

चौथा: नमुने बाहेरच्या खासगी प्रयोगशाळेला पाठवायचे. मार्गदर्शक शिक्षिकेने तो लगेच नाकारला. डीएनए काढायला शिकणे हा या प्रबंधाचा अर्धा भाग होता, आणि मला त्यांचे म्हणणे पटले.

पाचवा पर्याय: पुन्हा झाडांकडे जायचे आणि पान तोडल्या क्षणापासून पद्धत बदलायची. सर्वांत जास्त कष्टाचा हाच होता.

निर्णय एकदम घेतला नाही. महाविद्यालयाच्या जवळच्या तीन-चार झाडांची पाने आणून जुनी पद्धत आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवली, आणि प्रत्येक अर्काची भाताच्या डीएनएवर चाचणी घेतली. नव्या पद्धतीच्या अर्काने भाताच्या पट्ट्या अडवल्या नाहीत. त्यानंतर पाचव्या पर्यायावर शिक्कामोर्तब झाले.

काय केले

पावसानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आंब्याला नवी पालवी येते. तांबूस, अगदी कोवळी पाने टाळली, कारण त्यांतही रंगद्रव्ये आणि फिनॉल भरपूर असतात. नुकतीच पोपटी झालेली, अजून मऊ असलेली पाने घेतली. झाडाखालीच ती पुसली, मधली शीर काढली, फाडून तुकडे केले आणि सिलिका जेलच्या पिशवीत टाकली. चेस आणि हिल्स यांनी १९९१ मध्ये पाने जपण्यासाठी हा मार्ग सुचवला होता. सिलिका पानाच्या वजनाच्या किमान दहापट हवी. गोव्याच्या हवेत ती पटकन ओली होते, म्हणून रंग बदलणारी सिलिका घेतली आणि नारिंगीची हिरवी झाली की लगेच बदलली. ओली सिलिका ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरता येते. चिठ्ठ्या पेन्सिलने लिहिल्या, कारण अल्कोहोलचा थेंब पडला की पेनाची शाई वाहून जाते.

वाळलेल्या पानात एन्झाइमला काम करायला पाणीच नसते. धोका उरतो तो एकाच क्षणाचा, पूड बफरमध्ये पडते तेव्हाचा. म्हणून पूड करतानाच खलात पीव्हीपी मिसळले, आणि मर्कॅप्टोइथेनॉल बफरमध्ये त्याच सकाळी, धूरकपाटात उभे राहून घातले.

त्यानंतरची पायरी नवी होती: सीटॅबआधी सॉर्बिटॉलची धुणी. ०.३५ मोलर सॉर्बिटॉल, ट्रिस, थोडे ईडीटीए, पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल यांच्या थंड द्रावणात पूड ढवळून सेंट्रिफ्यूज केली. सॉर्बिटॉलमुळे केंद्रके फुटत नाहीत, चोथ्यासकट तळाशी बसतात. विरघळलेले फिनॉल आणि बुळबुळीत पदार्थ वरच्या द्रवात राहतात आणि ओतून टाकता येतात. पहिल्या धुणीचे वरचे द्रव चहाच्या रंगाचे आणि दाटसर निघाले. ते पातळ आणि फिकट होईपर्यंत धुणी चालू ठेवली. बहुतेक झाडांना दोन पुरल्या, जुन्या झाडांना जास्त लागल्या. डीएनए अजून केंद्रकात सुरक्षित असताना घाण काढून टाकता येते, हे या पायरीचे बळ आहे.

सीटॅब बफरमध्ये मीठ १.४ ऐवजी ३ मोलर घेतले, कारण जास्त मिठात पॉलिसॅकराइड आयसोप्रोपेनॉल घातल्यावरही विरघळलेले राहतात आणि डीएनएबरोबर खाली येत नाहीत. क्लोरोफॉर्मची धुलाई दोनदा केली. इथे एक छोटी पण महागात पडणारी गोष्ट आढळली. सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर लावलेला होता, कारण 'थंड म्हणजे सुरक्षित' हे प्रयोगशाळेत प्रत्येकाच्या मनावर बिंबलेले असते. सीटॅब साधारण १५ अंशांखाली स्वतःच गोठून पांढरा साका धरतो, आणि तो डीएनएबरोबर खाली बसला की पुढे त्रास देतो. सॉर्बिटॉलची पायरी थंड आणि सीटॅबच्या सगळ्या पायऱ्या खोलीच्या तापमानाला, असे स्पष्ट लिहून सेंट्रिफ्यूजवर चिकटवले. आयसोप्रोपेनॉलही खोलीच्या तापमानाचे घेतले आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची सवय सोडली, कारण थंडीत जास्त वेळ ठेवले की डीएनएबरोबर मीठ आणि चिकट पदार्थही बसतात.

गोळी ७० टक्के अल्कोहोलने धुऊन हलकी वाळवली, कडकडीत नाही. आरएनए घालवायला आरएनेज दिले. विरघळवायला कमी ईडीटीएचे टीई वापरले, कारण ईडीटीए पीसीआरमधले मॅग्नेशियम ओढून घेते. प्रमाण नॅनोड्रॉपवर न ठरवता ०.८ टक्के जेलवर, माहीत असलेल्या प्रमाणातल्या लॅम्डा डीएनएशेजारी ठेवून ठरवले.

क्लोरोफॉर्म आणि मर्कॅप्टोइथेनॉलचे उरलेले द्रव बेसिनमध्ये ओतायचे नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवले. महाविद्यालयाचे सांडपाणी सोकपिटात जाते आणि भोवतालच्या घरांच्या विहिरी फार लांब नाहीत. वेगळ्या लेबलच्या बाटल्या ठेवल्या, आणि प्रयोगशाळा सहायकांनी, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांवर कडक पहारा ठेवला.

प्रत्येक झाडाचे दोन वेगळे अर्क, दोन वेगळ्या दिवशी, आणि दोन्हींत दिसलेल्या पट्टीलाच १. एका अर्कात आली, दुसऱ्यात नाही, तर ती पट्टी त्या झाडासाठी मोजायचीच नाही. आणि कोणताही अर्क आयएसएसआरला जाण्याआधी भाताच्या चाचणीतून जायला हवा. हा नियम विद्यार्थिनीनेच सुचवला आणि शेवटपर्यंत पाळला.

शेजारच्या टेबलावरची प्रथिने

त्याच विभागात दुसरा विद्यार्थी आंब्याच्या पानातली प्रथिने एसडीएस-पेज या जेलवर वेगळी करत होता. १९७० च्या लेमलीच्या बफर पद्धतीने प्रथिने आकारानुसार धावतात. त्याच्या जेलवर पट्ट्या नव्हत्या, वरून खालपर्यंत एक धुरकट पट्टा होता. प्रथिनांचे प्रमाण मोजणाऱ्या ब्रॅडफर्ड चाचणीत ती भरपूर दिसत होती. फिनॉल त्या चाचणीतही ढवळाढवळ करतात, त्यामुळे तो आकडा विश्वासाचा नव्हता.

कारण तेच होते, क्विनोन यावेळी प्रथिनांना जोडले गेले होते. उपायही त्याच दिशेने शोधला. पूड आधी १० टक्के ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल आणि अॅसिटोनच्या थंड मिश्रणाने धुतली. त्यात प्रथिने जागीच गोठतात, एन्झाइमे निकामी होतात आणि रंग अॅसिटोनबरोबर निघून जातो. मग हर्कमन आणि तानाका यांनी १९८६ मध्ये वापरलेली फिनॉलची पद्धत लावली (इथले फिनॉल पानातले नव्हे, द्रावक म्हणून वापरलेले). तिची गंमत विद्यार्थ्याला फार आवडली. बफरमध्ये ०.७ मोलर सुक्रोज असल्याने पाण्याचा थर जड होतो, आणि एरवी तळाशी जाणारे फिनॉल प्रथिने घेऊन वर येते. नेहमीच्या सवयीने वरचा थर पाण्याचा समजून कोणी फेकून दिला असता, म्हणून नळ्यांवर 'वर फिनॉल' असे ठळक लिहिले. अमोनियम अॅसिटेट घातलेल्या मिथेनॉलने प्रथिने खाली आणली. जेलवर ५५ किलोडाल्टनपाशी रुबिस्को या पानातल्या प्रथिनाच्या मोठ्या घटकाची जाड पट्टी उभी राहिली आणि खाली १५ च्या सुमारास लहान घटकाची.

निष्पत्ती

नव्या पद्धतीने आलेली गोळी पांढरट, पारदर्शक होती. आलेखात २३० पाशी खळगा दिसू लागला. डीएनए आधीच्यापेक्षा कमी आला, कारण सॉर्बिटॉलच्या प्रत्येक धुणीत थोडा जातो. आधीच्या 'भरपूर' डीएनएमध्ये खरा किती होता हे आता कळले. काही खूप जुन्या झाडांचे अर्क भाताच्या चाचणीत उत्तीर्ण झाले नाहीत. ती झाडे वगळली आणि वगळल्याचे प्रबंधात लिहिले.

पन्नासपट पातळ केलेल्या जुन्या अर्कांची जेल जपून ठेवली होती. नव्या जेलशी ताडून पाहिले तेव्हा सत्तरीच्या झाडांत 'नसलेल्या' बहुतेक लांब पट्ट्या आता जागेवर होत्या. तिन्ही तालुक्यांतली बरीच झाडे एकमेकांच्या अगदी जवळ निघाली.

एक झाड मात्र ठळकपणे वेगळे राहिले, दोन्ही अर्कांत, दोन्ही दिवशी. विद्यार्थिनी पुन्हा त्या भाटात गेली. मालकीणबाईंनी बुंध्यापाशी नेऊन दाखवले, "बाय, तू पानं काढलीस ती ही खालची फांदी. ही कलमाच्या खालून फुटलीय, रायवळाची. मानकुराद वर आहे." हाताला येणारी फांदी म्हणून तीच तोडली गेली होती. वरच्या फांदीची पाने आणली, ती बाकीच्या मानकुरादांच्या गटात बसली.

वेगळे काय करता आले असते

भाताच्या डीएनएची चाचणी पहिल्या कोऱ्या जेलच्या दिवशी करता आली असती. तिला वेगळे रसायन लागत नाही, एक जादा नळी लागते. पीसीआरचे तापमान बदलत बसण्याआधी ती होणे गरजेचे होते. आता त्या विभागात नव्या वनस्पतीचा पहिला अर्क काढला की हीच चाचणी आधी होते.

पथदर्शी फेरी पाने तोडण्याआधी व्हायला हवी होती. एकाच जवळच्या झाडाचे जून, पोपटी आणि तांबूस पान घेऊन, ताजे आणि सिलिकात वाळवलेले, असे सहा अर्क काढले असते तर पहिली फेरी वाया गेली नसती. नमुने गोळा करण्याचा उत्साह मोठा असतो आणि तो आवरणे मार्गदर्शकाचे काम आहे.

नमुन्यांचा क्रम मिसळायला हवा होता. पहिल्या फेरीत डिचोलीची पाने एका दिवशी, सत्तरीची दुसऱ्या दिवशी आणि त्यांचे अर्कही गावागणिक गटाने काढले. त्यामुळे गावाचा फरक आणि दिवसाचा फरक एकमेकांत मिसळला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक दिवशी तिन्ही तालुक्यांचे नमुने चिठ्ठ्या टाकून निवडले.

नोंदवहीत फांदीचा एक रकाना हवा होता: कलमाच्या सांध्याच्या वर की खाली. कलमी झाडावर काम करणाऱ्या कोणालाही हा रकाना लागेल, काजू असो वा आंबा.

किटचा प्रश्न मी अजून खुला ठेवते. झाडे आठ-दहाच असती तर मी किट घ्यायला सांगितले असते, सॉर्बिटॉलची धुणी किटच्या आधी लावून. चाळीसेक झाडे, प्रत्येकी दोन अर्क आणि हातात महिने असताना हाताने काढणे परवडले. आयएसएसआरऐवजी एसएसआर मार्कर वापरावेत का, याचाही विचार पुढच्या तुकडीने करायला हवा. त्यांत दोन्ही युग्मविकल्प, म्हणजे जनुकखंडाची दोन्ही पालकांकडून आलेली रूपे, दिसतात, पट्टी अजिबात न दिसणे हे संशयाचे लक्षण ठरते आणि अर्धवट पीसीआर लपून राहणे अवघड होते. खर्च वाढतो, पण मानांकनाच्या वादात पुरावा म्हणून उभे राहायचे असेल तर तो करावा लागेल. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने त्यासाठीची पाने पालवीच्या हंगामातच सिलिकात घालून ठेवली आहेत, प्रत्येक पिशवीवर तारीख, तालुका आणि 'सांध्याच्या वर' असे पेन्सिलीने लिहून.